मेन्लो पार्कच्या दोन खोल्या आणि एक रिटायर्ड वायरमन

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, मुलाकडं पोचल्याच्या चौथ्या रात्री बत्ती गुल झाली. वळवासारखा पाऊस, कडकडाट, आणि मागच्या गल्लीत फांदी तारेवर पडल्याचा ओळखीचा आवाज. आधी करकर, मग धप्प, मग झाडांमागं निळा उजेड. सूनबाई मेणबत्ती शोधायला लागली, थोरला मोबाइलवर मेसेज बघायला लागला आणि माझे पाय आपोआप चपलांत गेले. बत्तीस वर्षं वीज मंडळात काढली, अंधार झाला की मी उठतोच.

"बाबा, कुठं निघालात?"

"डीओ, खांबावरचा फ्यूज, उडाला असेल. बघून येतो."

"इथं कुणी बघायला जात नाही हो. बसा."

बसलो. तीन तासांनी लाइट आली. तोवर अकरा वर्षांच्या नातवानं अंधारातच मला विचारलं, "आबा, बल्ब याच गावात शोधला ना? मग इथं लाइट जातेच कशी?" प्रश्न रास्त होता. म्हणून पुढच्या शनिवारी आम्ही दोघं बल्ब जिथं जन्मला ती जागा बघायला निघालो. ही २०२३च्या जुलैतली गोष्ट. मुलाकडं न्यू जर्सीत येणारे आईबाप नायगारा बघतात, स्वातंत्र्यदेवता बघतात, घरापासून दहा मिनिटांवरची ही जागा मात्र बघत नाहीत. त्यांच्यासाठी लिहितोय.

जागेचं नाव थॉमस एडिसन सेंटर ॲट मेन्लो पार्क. पत्ता क्रिस्टी स्ट्रीट. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. पाचवा कुणामुळं कापला ते पुढं येईल.

पहिली सूचना: गाडीवाल्याला नुसतं "मेन्लो पार्क" सांगू नका. सूनबाईनं मोबाइलवरून गाडी मागवून दिली, चालकानं आम्हाला बिनबोभाट मेन्लो पार्क मॉलच्या दारात उतरवलं आणि भुर्रकन गेला. नातवाच्या लक्षात येईपर्यंत गाडी रूट वनला लागली होती. दुसरी गाडी मिळेपर्यंत मॉलमधल्या बाकावर बसलो. पण ती पाऊण तासाची बैठक मला म्युझियमइतकीच लाभली.

बाकावर आधीच एक गुजराती काका बसले होते. पांढरे बूट, मनगटावर घड्याळ, रोज सकाळी मॉलमध्ये चार फेऱ्या मारणारे. आणंदकडचे. माझी टोपी बघून म्हणाले, "महाराष्ट्र?" मग गाडी रुळावर आली. काकांनी इथल्या फोर्डच्या कारखान्यात नोकरी केलेली. रूट वनवर तो कारखाना १९४८ ते २००४ चालला, मस्टँग गाड्याही तिथं बनल्या. आता त्या जागेवर दुकानं आहेत. "हम आया तब ये सब खाली था," हात गोल फिरवत काका म्हणाले. अगदी खाली नव्हतं, पण त्यांचा मुद्दा कळला.

इथं जरा गावाबद्दल सांगायला हवं, नाहीतर म्युझियम अधांतरी वाटेल. आपल्याकडं टाउनशिप म्हटलं की डोळ्यांसमोर बिल्डरची कमान, सिक्युरिटीवाला आणि स्विमिंग पूल येतो. न्यू जर्सीत टाउनशिप हा नगरपालिकेचा एक प्रकार. महापौर, कौन्सिल, पोलिस, सगळं स्वतःचं, पण मधे गाव असेलच असं नाही. एडिसनला ते नाही. पहिले तीन दिवस मी मुलाला विचारत होतो, "बाजारपेठ कुठाय? चावडी कुठाय? एसटी स्टँडसारखं काही?" तो म्हणायचा, "बाबा, हे सगळंच एडिसन आहे." सगळंच म्हणजे सुमारे तीस चौरस मैल. मिडलसेक्स काउंटीत, दक्षिणेला रॅरिटन नदी, आणि अंगाखांद्यावरून जाणारे रूट वन, रूट सत्तावीस, टर्नपाइक, पार्कवे, टू एटी-सेव्हन. एवढे हायवे की हे गाव रस्त्यांच्या उरलेल्या जागेत वसवलंय की काय असं वाटावं.

नकाशा बघितला आणि मला मेदूवडा दिसला. वडा म्हणजे एडिसन, मधल्या भोकात मेटचन नावाचं वेगळं गाव. १८७० साली पिस्काटवे आणि वुडब्रिज यांचे तुकडे जोडून ही टाउनशिप झाली, तेव्हा तिचं नाव रॅरिटन. १९०० साली मेटचन वेगळं झालं, १९०५ साली हायलंड पार्क. जाताना मेटचननं बाजारपेठ, स्टेशन आणि फुटपाथ नेले, वड्याच्या वाटणीला वाड्या राहिल्या. बोनहॅमटाउन, स्टेल्टन, ओक ट्री, क्लारा बार्टन, मेन्लो पार्क. आपल्याकडं एका ग्रामपंचायतीत पाच-सात वाड्या असतात, त्यातलाच प्रकार. म्हणून माझी संध्याकाळची चक्कर मेटचनच्या मेन स्ट्रीटवर असायची. राहायला वडा, फिरायला भोक.

नाव बदललं १९५४ साली, मतदान घेऊन. दुसरा पर्याय होता निक्सन! घाबरू नका, तो पुढं अमेरिकेचा अध्यक्ष झालेला निक्सन नव्हे. लुईस निक्सन म्हणून इथले एक उद्योगपती होते, त्यांच्या नावाची वाडी अजून आहे. पण हे मला कळलं तेव्हा मी मुलाला म्हटलं, बरं झालं बाबा. एकाहत्तरच्या युद्धाच्या वेळी मी शाळेत होतो, आमचे वडील रेडिओला कान लावून त्या निक्सननं आपल्यावर धाडलेल्या सातव्या आरमाराला शिव्या घालायचे. त्यांचा नातू 'निक्सन'मध्ये बंगला घेऊन राहतो हे त्यांना सोसलं नसतं.

लोकसंख्येचं गणित सांगतो, कारण मला आकड्यांची खोड आहे. १९५० साली १६ हजार ३४८. १९६० साली ४४ हजार ७९९. दहा वर्षांत पावणेतीन पट! युद्ध संपलेलं, टर्नपाइक झालेला, कारखाना आलेला, बटाट्याच्या शेतांत घरांच्या रांगा. २०२० साली १ लाख ७ हजार ५८८. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याच्या गावाएवढं, फक्त माणसं दिसत नाहीत, गाड्या दिसतात. २०१०च्या गणनेत शंभरातली अठ्ठावीस माणसं भारतीय होती. २०२२ साली सॅम जोशी महापौर झाले. त्यांच्या आधी २००६ साली कोरियन घरातले जून चोई महापौर झाले होते.

हे सगळं सुखासुखी झालं नाही, तेही काकांकडूनच ऐकलं. १९८७च्या सुमाराला जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' म्हणवणारी टोळकी टिकली लावणाऱ्या बायकांच्या आणि एकूणच आपल्या लोकांच्या मागं लागली होती. काकांची बहीण तिथं राहायची. "टीका निकाल के बस में बैठती थी," ते म्हणाले, आणि थोडा वेळ समोरच्या बुटांच्या दुकानाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "अब तो यहाँ नवरात्रि में पार्किंग नहीं मिलता."

एवढ्यात गाडी आली.

क्रिस्टी स्ट्रीट ही साधी गल्ली. दोन्ही बाजूंना घरं, अंगणात सायकली, कुत्री. गल्लीच्या टोकाला झाडांतून एकदम काँक्रीटचा मनोरा वर येतो आणि त्याच्या डोक्यावर बल्ब. मनोऱ्याची उंची सुमारे १३० फूट, त्यातला बल्बच जवळजवळ १४ फूट, जाड काचेचे तुकडे जोडून केलेला. १९३७ साली बांधला, ११ फेब्रुवारी १९३८ला, म्हणजे एडिसनच्या वाढदिवशी, अर्पण केला. एडिसनची स्वतःची सिमेंट कंपनी होती, मनोऱ्याला तेच सिमेंट. पायथ्याशी एक दिवा कायम तेवत ठेवलाय. आपण नंदादीप म्हणतो तसाच. मी हात जोडले, नातवानं इकडंतिकडं बघितलं, मग त्यानंही जोडले. मनोऱ्यावर चढता येत नाही, ते मनात धरून जाऊ नका. मला मात्र सवयीनं शिडी कुठून लावता येईल ते दिसलं.

म्युझियम म्हणजे शेजारची छोटी इमारत. दोन खोल्या. थोरल्यानं नंतर विचारलं, "एवढंच?" हो, एवढंच. पण हे काचेला नाक लावून फिरायचं म्युझियम नव्हे, इथं माणूस सांगतो आणि आपण ऐकतो. आम्हाला फिरवलं ते साधारण माझ्याच वयाचे गृहस्थ होते. मी वायरमन होतो हे नातवानं त्यांना सांगितलं मात्र, त्यांनी खुर्ची ओढली आणि उरलेल्या चार लोकांना विसरून माझ्याशी बोलायला लागले. माझं इंग्रजी मीटर रीडिंगपुरतं. नातू मधे दुभाषा.

गोष्ट अशी. मेन्लो पार्क ही फसलेली प्लॉटिंग स्कीम. बिल्डरनं प्लॉट पाडले, गिऱ्हाईक फिरकलं नाही. १८७६ साली एडिसननं तिथं स्वस्तात जागा घेतली, रेल्वेलाइन जवळ, न्यूयॉर्क २५ मैलांवर, आणि माळावर लांबट दुमजली लाकडी शेड उभी केली. शोध लावायचाच कारखाना. सहा वर्षांत इथून चारेकशे पेटंट गेली. १८७७ साली फोनोग्राफ, म्हणजे आवाज टिपून पुन्हा वाजवणारं यंत्र, १८७९ साली बल्ब. माणसं रात्र-रात्र राबायची, मध्यरात्री जेवण यायचं, शेडच्या एका टोकाला पाइप ऑर्गन होता, तो वाजवायचा, गाणी म्हणायची, पुन्हा कामाला. आमच्या सबस्टेशनला रात्रपाळीत पत्त्यांचा डाव आणि भेळ असायची. पेटंट एकही नाही.

मला आवडलं ते हे, की त्यांनी एकट्या एडिसनची आरती केली नाही. बल्ब म्हणजे फक्त तार नव्हे. काच फुंकणारा हवा, लुडविग बोम होता. आतली हवा काढणारा पंप हवा. गणित करणारा हवा, फ्रान्सिस अप्टन होता. फोनोग्राफ कागदावरून धातूत उतरवला तो जॉन क्रूसी नावाच्या स्विस मिस्त्रीनं. आपल्याकडं साहेबाचं नाव कोनशिलेवर लागतं आणि खांब पुरणाऱ्यांचं कुठंच लागत नाही. इथं निदान बोलताना तरी नावं घेतात.

मग त्यांनी जुना फोनोग्राफ लावला. किल्ली दिली, कर्णा नातवाकडं वळवला. आधी खरखर, पिठाच्या गिरणीसारखी, आणि त्या खरखरीच्या तळातून बँडचा आवाज वर आला. ना प्लग, ना बॅटरी. नातवानं कर्ण्यात डोकं घातलं आणि विचारलं, "पण याला करंट कुठून येतोय?" "कुठूनच नाही," मी म्हटलं, "स्प्रिंग." त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. पोरगं विजेच्या गावात जन्मलं, विजेशिवाय वाजणारी वस्तू त्यानं पहिल्यांदा पाहिली.

मी एक प्रश्न खिशात घालून नेला होता. मेन्लो पार्कला तारा खांबांवरून टाकल्या होत्या की जमिनीखालून? गृहस्थ खूश झाले. १८७९च्या शेवटच्या रात्री लोकांना दिवे दाखवले, तेव्हा पेनसिल्व्हेनिया रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागल्या, आषाढीला पंढरपूरला सोडतात तशा. पुढच्या वर्षी एडिसननं शहरात करायचं ते आधी माळावर करून बघायचं ठरवलं आणि चर खणून तारा पुरल्या. इन्सुलेशन धड नव्हतं, करंट जमिनीत गळायला लागला, सगळं उकरून पुन्हा गुंडाळून पुरावं लागलं. हे ऐकून मी मोठ्यांदा हसलो. १८८० असो की १९९८, केबल फॉल्ट शोधायला चर उकरणं कुणाला चुकलेलं नाही. १८८२ साली न्यूयॉर्कात पर्ल स्ट्रीटला त्यानं केबल जमिनीखालूनच नेली. खांबांवरच्या तारांचं पहिलं गाव १८८३ साली इथून जवळच झालं, रोझेल. थोडक्यात आमच्या जमातीचं मूळगाव.

मीही त्यांना एक गोष्ट सांगितली, जी ट्रेनिंगला असताना आम्हाला एका मास्तरांनी सांगितली होती. एडिसनचं सुरुवातीचं मीटर म्हणजे द्रावणात बुडवलेल्या जस्ताच्या पट्ट्या. करंट वाहिला की जस्त एका पट्टीवरून दुसरीवर जायचं. महिन्यानं माणूस येऊन पट्ट्या काढायचा, तराजूत तोलायचा आणि वजनावर बिल. गृहस्थांना ते माहीत होतं, पण मीटर रीडिंग घेत सायकलवर चौदा गावं फिरलेल्या माणसाकडून ऐकलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तुमच्याकडं लोक मीटरशी खेळायचे का? म्हटलं, साहेब, त्याला आमच्याकडं आकडा म्हणतात, आणि तो विषय काढला तर तुमचं म्युझियम बंद करायची वेळ होईल. हे सगळं नातवानं कसं भाषांतरित केलं देव जाणे, पण गृहस्थ टेबलावर हात मारून हसले.

आता पाचवा तारा. तुम्ही मागं झाडीत गेलात की प्रयोगशाळा शोधायला लागाल. ती नाही. एडिसन १८८०च्या दशकात आधी न्यूयॉर्कला आणि पुढं वेस्ट ऑरेंजला गेला. जुन्या शेडा पडल्या, एक जळाली. मग १९२९ साली, बल्बला पन्नास वर्षं झाली म्हणून, हेन्री फोर्डनं जे काही शिल्लक होतं ते उचलून मिशिगनला, डिअरबॉर्नला नेलं आणि तिथं प्रयोगशाळा पुन्हा उभी केली. कामगार राहायचे तो जॉर्डनबाईंचा बोर्डिंग हाउससुद्धा नेला. एवढ्यावर भागलं नाही, तर शेडच्या भोवतीची तांबडी माती भरून नेली! म्हाताऱ्या एडिसनला तिथं फिरवलं तेव्हा तो म्हणाला म्हणे, सगळं बरोबर आहे, फक्त आमची जमीन एवढी स्वच्छ कधी नव्हती. मनोरा इथं, माती तिथं. माझा एक तारा फोर्डसाहेबांच्या खात्यावर लिहा.

आणि तरी मी म्हणतो, डिअरबॉर्नपेक्षा इथं या. डिअरबॉर्न मी बघितलेलं नाही, हे मान्य. पण झाडीतल्या पायवाटेवर उभं राहिलं की उतार कळतो, रेल्वे कुठून जाते ते कळतं, माळ किती उघडा असेल ते कळतं. लाइन टाकायला गेलेल्या माणसाला जमीन बघितल्याशिवाय काहीच पटत नाही.

कामाच्या गोष्टी. आठवड्यातले मोजकेच दिवस उघडं असतं, निघण्याआधी वेळ बघा. तिकीट ओक ट्री रोडवरच्या एका थाळीपेक्षा कमी. दीड तास पुरे, प्रश्न विचारणार असाल तर अडीच. गाडी गल्लीतच लागते. आठ वर्षांखालच्या पोरांना कंटाळा येईल, वरच्यांना न्या. इंग्रजी येत नसेल तर नातवंड न्या.

परत येताना थोरला न्यायला आला आणि भूक लागली म्हणून ओक ट्री रोडला गेलो. ही आपली तिकडची लक्ष्मी रोड समजा. अर्धी एडिसनमध्ये, अर्धी शेजारच्या इसेलिनमध्ये. साड्या, सोनं, मिठाई, पूजेचं सामान, टॅक्स भरून देणारे, भुवया कोरणारे. फलक इंग्रजीत, बोलणं गुजरातीत, भांडण हिंदीत. एका हॉटेलात मिसळ दिसली म्हणून मागवली. नाव लिहीत नाही, पोरं कष्ट करतात. रस्सा गोड, फरसाण आधीच भिजवून मऊ केलेलं, आणि पावाऐवजी टोस्ट. आमच्या मंडळींना हे फोनवर सांगितलं तर त्यांनी दोन मिनिटं शांतता पाळली.

एक गंमत मात्र राहिली. याच रस्त्याच्या कडेला ओक ट्री पाँड म्हणून तळं आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तिथल्या रानात २६ जून १७७७ला वॉशिंग्टनची माणसं आणि इंग्रज लढले. आम्ही मोतीचुराचे लाडू घेऊन तिथं बाकावर बसलो. बदकं होती. नातवानं विचारलं, "कोण जिंकलं?" थोरला मोबाइल काढायला लागला, त्याला म्हटलं ठेव तो. माघार घेतली वॉशिंग्टनच्या लोकांनी, पण इंग्रजांना हवा होता तो मोठा सामना मिळालाच नाही. गनिमी कावा, दुसरं काय.

घरी परतताना गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवायला लावली. त्या रात्रीची फांदी गेली होती, पण खांब तोच. लाकडी, डांबरट, थोडा कललेला, आणि त्यावर दुधाच्या कॅनसारखा एक छोटा ट्रान्सफॉर्मर. आपल्याकडं एका डीपीवर अर्धी वाडी चालते, इथं चार-पाच घरांना एक कॅन. घरातल्या साध्या प्लगला १२० व्होल्ट. नातवाला दाखवलं: ही वरची हायटेन्शन, हा डीओ, फांदी इथं टेकली, हा उडाला, म्हणून लाइट गेली. त्यानं मान वर करून नीट बघितलं आणि विचारलं, "आबा, तुम्ही यावर चढू शकता?"

"आत्ता?" म्हटलं, "तुझी आजी नाहीये ना इथं?"

थोरल्यानं गाडी चालू केली.